मोशीचा फलाट क्रमांक तीन

आयुष्यभर मी लोकांना प्रवासाला लावलं आणि स्वतः मात्र जागचा हललो नाही. औशाच्या स्टँडवर मी वाहतूक नियंत्रक होतो. माइकसमोर बसायचं आणि "औसा-लातूर-पुणे, फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे" असं घसा ताणून सांगायचं, हे माझं काम. पुण्याची गाडी मी रोज लावली, पण त्या गाडीत बसायचे प्रसंग मोजकेच आले. निवृत्त झालो की भारत बघू, असं आमच्या हिला सांगून ठेवलं होतं. तिच्या गुडघ्यांनी माझ्याआधीच निवृत्ती घेतली आणि भारत राहून गेला. त्यामुळे हे वर्णन हिमालयाचं किंवा रामेश्वराचं नाही. मोशी, चाकण आणि देहू एवढाच त्याचा विस्तार आहे. एवढ्यात लिहिण्यासारखं काय असतं, असं कुणी म्हणेल. मीही जाण्याआधी असंच म्हणत होतो.

मुलगी अश्विनी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. जावई सेंदिल त्याच भागातल्या दुसऱ्या कंपनीत मेंटेनन्सला. तो तमिळनाडूतल्या सेलमजवळचा. लग्न दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर रीतसर झालं, त्यात सांगण्यासारखं नाट्य काही नाही. नाट्य आलं ते त्यांच्या मुलीपासून. तारा साडेतीन वर्षांची आहे. अश्विनी तिच्याशी मराठी बोलते, सेंदिल तमिळ बोलतो, आणि नवरा-बायको आपसात हिंदी, इंग्रजी जे हाताला लागेल ते बोलतात. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला की तारा मला एकच हुकूम सोडायची, "आबा, बस सांग." मग मी आमच्या बैठकीच्या खोलीत बसून निलंग्याची, उमरग्याची, सोलापूरची गाडी लावायचो. शेवटी पुण्याची लागली की ती टाळ्या वाजवायची. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत त्या गाडीला कुणी टाळी वाजवली नव्हती.

एके दिवशी अश्विनीचा दुपारीच फोन आला. म्हणाली, "बाबा, तारा नव्या नर्सरीत तोंडच उघडत नाही. मॅडम म्हणतात, घरात दोन भाषा आहेत म्हणून तिचा गोंधळ होतोय. एकच ठेवा म्हणतात. तुम्ही या ना. सासूबाई इथंच आहेत. सगळे बसून ठरवू." आणि मग जरा थांबून, "तोवर संध्याकाळचा कॉल थोडे दिवस बंद ठेवू या का?"

मराठी गेली तर माझ्यापाशी त्या पोरीला द्यायला दुसरं होतं काय? आमच्या हिने धपाटे, शेंगांची चटणी, ज्वारीचं पीठ, विहीणबाईंसाठी इरकलचं लुगडं असं सगळं बांधून दिलं आणि दारात म्हणाली, "भांडून येऊ नका बरं का. पोरीचं सासर हाय ते." मी मान हलवली, पण निघालो होतो तो भांडायच्याच तयारीने. गाडीत बसल्या बसल्या मराठीच्या बाजूचे मुद्दे मनात लावून घेतले. अर्धी वाट सरेपर्यंत माझी बाजू बिनतोड झाली होती.

मोशी

सेंदिल मला घ्यायला भोसरीला मोटारसायकल घेऊन आला. पाया पडला, बॅग उचलली आणि म्हणाला, "लई वजन हाय की बाबा. आत काय दगडं भरली का? बसा निवांत, आमी हाय ना."

वाचकहो, हे जावयाचं मराठी. लग्नाच्या वेळी त्याला "नमस्कार" आणि "जेवलात का" एवढंच येत होतं. पुढचं सगळं तो कंपनीत खेड-चाकणच्या पोरांकडून आणि आपल्या जुन्या घरमालकाकडून शिकला. त्यामुळे उंच, चष्मा लावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला हा इंजिनिअर तोंड उघडतो तेव्हा आतून एखादा मावळातला गडी बोलतो. सिग्नलला एक टेम्पो आडवा आला तर म्हणाला, "आरं भावा, बघून चालव की राव." आणि लगेच मागे वळून मला, "सॉरी बाबा."

मोशी म्हणजे एका बाजूला अजून ऊस आणि कांद्याची रानं, आणि दुसऱ्या बाजूला बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या. रस्त्यावर कंपनीच्या बसगाड्यांची रीघ. पहिली पाळी सुटायची वेळ होती. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं उतरत होती, बीडची, नांदेडची, बिहारची, ओडिशाची. कोण कुठलं ते उतरताना कळत नव्हतं, फोनवर बोलायला लागलं की कळत होतं.

घराच्या दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी होती. आपली ठिपक्यांचीच, पण रेघ ठिपक्यांना जोडत नाही, त्यांच्याभोवती वळसे घेत जाते. दारातच विहीणबाई उभ्या होत्या. सरोजाअम्मा. दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, केसांत अबोलीचा गजरा, माझ्याहून बोटभर उंच. हात जोडून म्हणाल्या, "वांग सम्बन्दी." वांग म्हणजे या, आणि व्याह्याला त्यांच्याकडे सम्बन्दी म्हणतात. मीही हात जोडले. यापुढे आम्हाला दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखं काही उरलं नाही. त्यांना हिंदीही येत नाही. माझी हिंदी आमच्याकडची, दख्खनी थाटाची. ती ऐकून उत्तरेकडची माणसं हसतात आणि दक्षिणेकडची गप्प बसतात.

तारा आईच्या मागे लपली होती. फोनमधला आबा सगळाच्या सगळा दारात उभा आहे, याची तिला खात्री पटेना. मग हळूच पुढे आली आणि म्हणाली, "आबा, बस सांग."

मी तिथेच, हातात बॅग घेऊन, पुण्याची गाडी लावली. विहीणबाईंनी कानावर हात ठेवले.

जेवणाच्या वेळी पहिला पेच पडला. आमच्याकडे मुलीच्या बापाने विहिणीआधी घास घ्यायचा नाही. त्यांच्याकडे घरी आलेल्या सम्बन्दीचं पान होईपर्यंत घरच्या बाईने ताटावर बसायचं नाही. मी म्हणालो, "आधी तुम्ही." त्या म्हणाल्या, "साप्पिडुंग, साप्पिडुंग." म्हणजे जेवा, जेवा. मी हात आखडून बसलो, त्या पळी घेऊन उभ्या राहिल्या. रसम गार झालं, भात गार झाला. शेवटी अश्विनी म्हणाली, "बाबा, मला उद्या पहिली पाळी आहे, जेवा आता." तेव्हा विहीणबाईंना बळेच बसवून आम्ही दोघांनी एकदम पहिला घास घेतला. रसम चांगलं होतं. आमच्या आमटीसारखं ते पोटात जाऊन बसत नाही, गोड बोलून निघून जातं. मग मी शेंगांची चटणी काढली, वर करडईचं तेल घातलं. विहीणबाई आत गेल्या आणि आपली डाळींची पूड, ज्याला त्या पोडी म्हणतात, तिळाच्या तेलात कालवून घेऊन आल्या. दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या. हा पहिला संवाद.

रात्रीच्या जेवणानंतर बैठक बसली. माझे मुद्दे तयार होते. पण मान म्हणून मी विहीणबाईंना आधी बोलू दिलं. त्या सेंदिलशी बराच वेळ बोलल्या. त्याने डोकं खाजवलं आणि सांगितलं, "आई म्हनती, पोरगी हितं वाढनार. शेजारीपाजारी, शाळा, समदं मराठी. तवा मराठी ठिवा. तमिळ ऱ्हाऊ द्या. माझं काय, म्हनती, मी तिला नुसतं मांडीवर घेऊन बसंन."

ज्या गडावर चढाई करायची, त्याचा दरवाजाच उघडा. आता "बरं" म्हणायचं आणि गप्प बसायचं, एवढंच माझं काम होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. "नाही नाही, असं कसं? सासरची भाषा आहे. तमिळ राहिलीच पाहिजे. मराठी काय, ती रस्त्यावर शिकेल." मुलीच्या बापाला विहिणीपुढे एक पाऊल मागे घ्यायची सवय असते. ती जिभेलाही असते, हे मला त्या दिवशी कळलं. विहीणबाईंना सेंदिलने ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आणखी जोराने मराठीची बाजू घेतली. मी आणखी जोराने तमिळची घेतली. जेवणाला जे झालं तेच पुन्हा सुरू झालं.

"तुम्ही दोघं तर दोन्ही भाषा सोडायला निघालात," अश्विनी शेवटी म्हणाली. "मग इंग्रजीच राहते. रविवारपर्यंत बघू. नाही जमलं तर सोमवारपासून घरात सगळ्यांनी इंग्रजी. आणि बाबा, मग फोनवर पण."

मला इंग्रजी येत नाही असं नाही. "प्लीज कीप द प्लॅटफॉर्म क्लीन" हे मी वर्षानुवर्षं म्हटलेलं आहे. पण त्यावर नातीशी किती बोलणार?

चाकण

या औद्योगिक भागात बऱ्याच ठिकाणी सुट्टी गुरुवारची असते. अश्विनीची रविवारी, सेंदिलची गुरुवारी. नवरा-बायकोची सुट्टी जुळायची तर दिवाळीच यावी लागते. गुरुवारी सेंदिल मला चाकणला त्याच्या जुन्या घरमालकांकडे घेऊन गेला. लग्नाआधी तो तिथे खोली घेऊन राहत होता.

चाकणचा चौक ओलांडणं हा प्रवासातला सर्वांत अवघड टप्पा. आमच्या स्टँडवर दिवाळीत जेवढी गर्दी व्हायची तेवढे कंटेनर तिथे नुसते उभे असतात. त्यांच्या मधून कांद्याच्या पिशव्या लादलेली छोटी गाडी अशी निघते की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. माझ्यातला नियंत्रक अस्वस्थ झाला. दोनदा वाटलं, उतरावं आणि शिट्टी मारावी.

घरमालक बबनराव. डोक्यावर टोपी, अंगात कुडता, अंगणात खाटेवर बसलेले. त्यांची थोडी जमीन कंपनीत गेली, थोडी राहिली. उरलेल्या कडेला त्यांनी भाड्याच्या खोल्यांची चाळ बांधली आहे. सेंदिलला बघून म्हणाले, "आलं का आमचं मद्रासी लेकरू? पाव्हणं, बसा. ह्यो आमच्यात आला तवा मुका हुता."

सेंदिल हसत होता. मी विचारलं, "मराठी तुम्हीच शिकवलं म्हणे त्याला?"

"छ्या! मी कशाला शिकवतोय? मला काय शिकवाया येतंय व्हय? मला हिंदी येत न्हाई, विंग्रजी न्हाई. मग करनार काय? मी आपला माझं बोलत ऱ्हायलो. पानी आलं का, जेवला का, आज ओव्हरटाइम हाय का. म्हातारी बी तिचं बोलत ऱ्हायली. एक दिस ह्योच बोलाया लागला. आधी कोंबडीला शिव्या दिल्या त्येनं, मग आमच्याशी बोलला."

बबनरावांच्या मंडळींनी मासवडी केली होती. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो, हिच्यात मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वडी करतात आणि झणझणीत रश्शाबरोबर वाढतात. आमच्याकडचा माणूस तिखटाला घाबरत नाही, पण त्या रश्शाने माझे कान गरम केले. सेंदिल तो शांतपणे ओरपत होता. म्हातारीने त्याच्या ताटात न विचारता आणखी एक वडी टाकली. सुरुवातीला दोघांना एकमेकांचं अक्षरही कळत नसताना हे घर त्याने आपलं केलं, याचं मला कौतुक वाटलं.

पण बबनरावांचं बोलणं मला तेव्हा कळलं नाही. मी त्यातून उलटंच शिकलो. परत येताना मी सेंदिलला म्हणालो, "मला चार तमिळ शब्द सांगा बरं. तारापुरते." तो खूश झाला. "वा म्हंजी ये. साप्पिडु म्हंजी जेव. तण्णी म्हंजी पानी. पोदुम म्हंजी बास." मोशी येईपर्यंत मी ते घोकले. पाठांतर माझं चांगलं. पन्नास थांब्यांची नावं ओळीने म्हणणाऱ्याला चार शब्दांचं काय?

पुन्हा मोशी

शुक्रवारी सकाळी अश्विनी आणि सेंदिल दोघं कामावर गेले होते. ताराला काही ठरेपर्यंत नर्सरीत पाठवायचं नव्हतं, ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मी माझ्या खुर्चीवरून, विहीणबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "तारा, वा. साप्पिडु."

त्याच क्षणी स्वयंपाकघरातून विहीणबाई इडलीची ताटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तारा, ये. जेव की गं."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. घरी भांड्याला लताबाई येतात, त्या बीडच्या. विहीणबाईंनी आदल्या दिवशी त्यांना गाठून, हातवारे करून हे मराठी मिळवलं होतं. ते अगदी बीडच्या हेलासकट आलं होतं. मला खरंच भरून आलं. त्यांनाही आलं असावं, कारण त्यांनी पदर डोळ्यांना लावला. दोन्ही बाजूंनी एवढा मान राखला गेल्यावर व्याही-विहिणीला आणखी काय हवं?

फक्त तारा जेवली नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पाट्टीच्या तोंडाकडे बघितलं. आजीला ती पाट्टी म्हणते. मग खुर्चीवरून उतरली आणि बाल्कनीत जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली. आम्हाला वाटलं, सवय नाही, होईल. दिवसभर आम्ही अधिकच उत्साहाने सुरू राहिलो. मी "तण्णी, तण्णी" करत पेला घेऊन तिच्यामागे, विहीणबाई "पानी पी की गं" करत दुसरा पेला घेऊन. तिने दोन्ही पेले ढकलले. दुपारी तिने एक शब्द उच्चारला नाही. संध्याकाळी कॉलची वेळ झाली. रोज या वेळी तिला बस हवी असते. मी वाट बघितली, ती काही मागेना. मग मीच विहीणबाईंच्या मानाखातर सेलमची गाडी लावली, आणि शेवटी "वा, वा" असं तमिळमध्ये प्रवाशांना बोलावलं. तारा उठून आली आणि तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

छोटासा, तिळाच्या तेलाचा वास येणारा हात. तो तिने बराच वेळ काढला नाही. तीस वर्षं बोलून पोट भरलेल्या माणसाला कुणी इतक्या सरळ गप्प केलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी तेच. ती आई-बापाशीही बोलेना, बोट दाखवून मागायला लागली. अश्विनी कामावरून आली ती सोफ्यावर बसूनच राहिली. म्हणाली, "बघा. आता घरातही बंद झाली. मॅडम म्हणत होत्या ते खरंच निघालं. तिच्या डोक्यात सगळ्याचा काला झालाय. माझंच चुकलं, आधीच एक भाषा ठेवायला हवी होती." सेंदिल मोबाइल घेऊन बसला. त्याने तारासाठी इंग्रजी गाण्यांचे व्हिडिओ शोधायला घेतले. विहीणबाईंनी मला हातानेच विचारलं, काय झालं? मी हातानेच सांगितलं, संपलं. आम्हाला दोघांना कारण कळलं नव्हतं. ते त्या खोलीतच बसलेलं होतं, एक या खुर्चीवर आणि एक त्या.

देहू

रविवारी सेंदिलला दुसरी पाळी होती. घरात बसून सोमवारची वाट बघण्यापेक्षा देहूला जाऊन येऊ, असं अश्विनी म्हणाली. चिखली, तळवड्याकडून रिक्षाने गेलो. वाटेत कारखान्यांच्या भिंती, भंगाराची गोदामं, मग एकदम नदी आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टाळ-वीणा विकणारी दुकानं. देवळात दर्शन झालं. विहीणबाईंनी घंटा वाजवली, कपाळाला अष्टगंध लावून घेतलं आणि एका कोपऱ्यात बसून त्यांच्या देवाचं काहीतरी हळू आवाजात म्हटलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने सरकून त्यांना जागा करून दिली. कोणत्या भाषेत म्हणता, असं तिने विचारलं नाही.

इंद्रायणीच्या घाटावर मासे आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेल. तिथे मासे कुणी धरत नाही. माणसं चुरमुरे टाकतात आणि हातभर मोठे मासे अंगावर धावून येतात. अश्विनी चुरमुरे आणायला वर गेली. मी, विहीणबाई आणि तारा खालच्या पायरीवर बसलो. ताराच्या पायात नवे लाल सँडल होते, पाट्टीने सेलमहून आणलेले. ती पाण्यात बोट बुडवून बघत होती. आम्ही दोघं शहाण्यासारखे गप्प होतो.

पायरीवर शेवाळ होतं. ती पुढे सरकली आणि घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेली.

खोल नव्हतं. पण त्या वेळी ते कुणाला सुचतं? मी असा ओरडलो की घाटावरच्या सगळ्या माना वळल्या. "आगं माय! हलू नको! धर, हात धर माझा! कुठं चाललीस पुढं पुढं, कळत नाही का तुला?" मी तिचा दंड धरून तिला ओढलं. पलीकडून विहीणबाईंनी दुसरा दंड धरला आणि त्यांचंही सुरू झालं, "अय्यो! वा कण्णु, इंग वा!" आणि पुढे बरंच, जे मला कळलं नाही, पण ओरडा होता हे कळलं. मान, रीत, सम्बन्दी, सगळं पाण्यात गेलं. आम्ही दोघं आपापल्या घरी जसे बोलतो तसे त्या पोरीवर बरसत होतो, एकमेकांचं ऐकत नव्हतो.

तारा रडली नाही. तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आबा, चप्पल गेली."

मग मान वळवली, आणि पाट्टीकडे बघून म्हणाली, "पाट्टी, सेरुप्पु पोच्चु."

सेरुप्पु म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. तो लाल सँडल समोर पाण्यावरून चालला होता आणि मासे त्याला तोंड लावून बघत होते. एकच बातमी तिने दोघांना दोनदा दिली, ज्याची त्याला. कुठेही काला नव्हता. एखाद्या घरी जाऊन निरोप सांगावा आणि मग शेजारच्या घरी जावं, तसं.

तेव्हा मला बबनराव आठवले. मी आपला माझं बोलत ऱ्हायलो. ताराच्या लेखी मराठी म्हणजे आबा आणि आई, तमिळ म्हणजे पाट्टी आणि अप्पा, म्हणजे तिचा बाप. शुक्रवारी सकाळी तिने पाहिलं, की आबाच्या तोंडातून पाट्टी बोलते आहे आणि पाट्टीच्या तोंडातून आबा. आम्ही एकमेकांचा मान राखत होतो आणि ती पोर आपली दोन माणसं शोधत होती. मग तिने आपलं दार लावून घेतलं, यात तिचं काय चुकलं?

अश्विनी चुरमुरे घेऊन पायऱ्या उतरत होती. "काय झालं? ही भिजली कशी?" तारा तिला म्हणाली, "आई, आबा ओरडला. चप्पल माशाने नेली." त्या दोन दिवसांतलं तिचं ते सर्वांत लांब वाक्य होतं. अश्विनी तिथेच ओल्या पायरीवर बसली आणि तिने ताराला कुशीत घेतलं. रडत होती. मी तिला शुक्रवारी काय घडलं ते सांगितलं, माझ्या चार शब्दांसकट. तिने ते मोडक्या तमिळमध्ये सासूबाईंना सांगितलं. विहीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि इतक्या हसल्या की डोक्यावरची फुलं हलली.

त्या संध्याकाळी मोशीच्या घरात पुण्याची गाडी लागली, अस्सल औशाच्या आवाजात. नंतर विहीणबाईंनी ताराला मांडीवर घेऊन कसलीशी गोष्ट सांगितली. मला त्यातलं "वा" तेवढं कळलं. मी मध्ये बोललो नाही.

नाशिक फाटा

सोमवारी सकाळी अश्विनी ताराला चिंचवडला वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. कान तपासले, ते ठीक निघाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ज्याला जी भाषा मनापासून येते ती त्याने बोलावी, तिला नव्या वर्गाची सवय होऊ द्या, काही महिन्यांनी पुन्हा दाखवा. घरात इंग्रजीचा कायदा काही लागू झाला नाही. कॉलही बंद राहणार नव्हता. तारा पुढे कशी बोलेल, वर्गात बोलेल का, हे अजून कुणालाच माहीत नाही. पण मला आता त्याची भीती वाटत नव्हती.

माझी परतीची गाडी संध्याकाळी नाशिक फाट्यावरून होती. जावयाने ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं होतं. मी जन्मभर लाल गाडीचा माणूस, पण जावयाचा मान. सोडायला सगळे आले, सेंदिलही पाळी बदलून. निघताना विहीणबाईंनी मला जरीच्या काठाचं वेष्टी, म्हणजे त्यांच्याकडचं धोतर, आणि पंचा दिला. मी त्यांच्यापुढे इरकल ठेवलं होतं, ते त्या नेसूनच आल्या होत्या, त्यांच्या पद्धतीने, त्यामुळे काठ भलतीकडे गेला होता. छान दिसत होतं. त्या म्हणाल्या, "पोयिट्टु वांग, सम्बन्दी." म्हणजे जाऊन या. मी म्हणालो, "येतो, विहीणबाई. औशाला या एकदा." त्यांना कळलं असं मी समजतो.

उड्डाणपुलाखाली नुसता गोंधळ. गाड्या येत होत्या, पोरं गावांची नावं ओरडत होती, अहमदपूर, उदगीर, नांदेड. कुणी कुठे उभं राहावं याचा पत्ता नव्हता. फलाट नाही, पाटी नाही, माइक नाही. मी पिशव्या सांभाळत इकडून तिकडे बघत होतो.

तारा पाट्टीच्या कडेवर होती. तिने पाट्टीच्या कानाशी लागून तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. पाट्टी हसली. मला राहवलं नाही. "काय सांगितलंस गं?"

"ते तुला नाही," तारा म्हणाली. "ते पाट्टीला."

मला जरा लागलं, आणि लगेच फार बरं वाटलं. तिच्याजवळ एक घर आहे ज्यात मी कधीच जाणार नाही. त्या घरातही तिची वाट बघणारं माणूस आहे. आणि माझ्या घराची किल्लीही तिच्याचकडे आहे.

"मग मला काय?" मी विचारलं.

तिने एक हात तोंडाजवळ धरला, मी माइक धरायचो तसा, आणि सगळ्या पुलाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "आबाची बस, फलाट तीन!" आणि दुसऱ्या हाताने पुलाच्या एका खांबाकडे बोट दाखवलं.

मी पिशव्या उचलल्या आणि त्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो.